कोर्टाची किल्ली कोणाकडे?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी तालमीतले. त्यांची हयात लाल मातीत गेली. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून मी स्क्वॉशवर बोलणार म्हटल्यावर संयोजक फोनवर क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, "विषय चांगला आहे, पण लोक येतील का?" तुम्ही आलात, आभारी आहे. आता मला एक सांगा. स्क्वॉशचं कोर्ट आतून पाहिलेले इथे किती जण आहेत? हात वर करा बघू. बरं. मागच्या रांगेत चार-दोन, आणि इकडे डॉक्टरसाहेब. क्रिकेटचं विचारत नाही, उगाच छताला हात लागतील.

हे हात एवढे मोजके का? खेळ अवघड आहे म्हणून? महाग आहे म्हणून? की कोणी आपल्याला आत बोलावलंच नाही म्हणून? माझं आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

16 ऑक्टोबर 2023ची गोष्ट. ठिकाण मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुल. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं 141वं अधिवेशन तिथे भरलं होतं. 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पाच खेळ घ्यायचे, यावर त्या दिवशी शिक्कामोर्तब झालं. आपल्याकडे चर्चा कशाची झाली? क्रिकेटची. 1900 सालानंतर क्रिकेट ऑलिंपिकमध्ये परतणार, म्हणजे चर्चा होणारच, त्यात गैर काही नाही. पण त्याच यादीत स्क्वॉशही होतं. जवळजवळ वीस वर्षं ज्या दारावर थापा मारल्या ते दार शेवटी उघडलं, आणि तेही आपल्या मुंबईत. मला आनंद झाला. आणि त्याच रात्री एक शंका मनात आली ती अजून गेलेली नाही. ऑलिंपिकमध्ये गेला म्हणजे खेळ वाढला का?

ज्यांनी हात वर केला नाही त्यांच्यासाठी खेळ थोडक्यात सांगतो. चार भिंती. लांबी 9.75 मीटर, रुंदी 6.4 मीटर. मध्ये जाळी नाही. दोघं एकाच बाजूला, एकमेकांच्या अंगाला अंग लागेल इतक्या जवळ उभे राहतात आणि समोरच्या भिंतीवर आळीपाळीनं चेंडू मारतात. जमिनीवर दुसरा टप्पा पडायच्या आत तो परतवायचा. समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची पट्टी असते, तिला सगळे टिन म्हणतात. चेंडू टिनवर बसला की असा काही आवाज होतो की पंचाची गरज पडू नये. चेंडू रबरी, पोकळ, 40 मिलिमीटर व्यासाचा, वजन साधारण 24 ग्रॅम. थंड असला की तो उसळतच नाही. म्हणून सामन्याआधी दोघं प्रतिस्पर्धी मिळून त्याला बडवून बडवून गरम करतात.

आता गुणाकार करा. 9.75 गुणिले 6.4, म्हणजे 62 चौरस मीटरच्या थोडं वर. आपल्या भाषेत सुमारे 670 चौरस फूट. मुंबईत एवढ्यात वन-बीएचके होतो. एका वन-बीएचकेची जागा, वर साडेपाच मीटरहून जास्त उंची, आणि आत एका वेळी माणसं किती? दोन. हा आकडा लक्षात असू द्या. स्क्वॉशचा अर्धा इतिहास या आकड्यानं घडवलाय.

हा खेळ इंग्लंडमधल्या हॅरो या धनिकांच्या शाळेत एकोणिसाव्या शतकात आकाराला आला. तिथली मुलं मोठी होऊन फौजेत, सनदी सेवेत, व्यापारात गेली आणि जिथे गेली तिथे त्यांनी कोर्टं बांधली. छावण्यांत बांधली, क्लबांत बांधली, अगदी टायटॅनिक जहाजावरसुद्धा एक कोर्ट होतं. म्हणून स्क्वॉशचा नकाशा पाहिलात तर तो जुन्या ब्रिटिश छावण्यांचा नकाशा वाटतो: पेशावर, कैरो, मुंबई. साहेबाला संध्याकाळी घाम गाळायला तासभर पुरे होई आणि छप्पर असलं तर पावसाचीही भीती नसे.

पण साहेबाला खेळायला जोडीदार लागतो. चेंडू उचलून द्यायला, गुण मोजायला, कोर्ट झाडायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे मार्कर.

श्रोतेहो, स्क्वॉशचा खरा इतिहास मार्करांचा आहे. आपल्या क्लबांत हा शब्द आजही चालतो. मार्कर हा पगारी नोकर. सभासदाबरोबर खेळायचं, त्याला घाम येईल एवढं पळवायचं, आणि त्याला अपमान वाटणार नाही इतपत हरायचं. हे शेवटचं कौशल्य सगळ्यांत अवघड, असं मला मुंबईतल्या एका जुन्या मार्करनं सांगितलं. क्लबचं नाव सांगत नाही. त्यांची ड्युटी पहाटे सुरू व्हायची. सभासद गेले, दुपारचं ऊन चढलं की मग हे चार-पाच मार्कर आपसांत खेळायचे. "साहेब, खरा खेळ तेव्हा व्हायचा," ते म्हणाले, "आणि बघायला कोणी नसायचं." त्यांच्या हाताचा पंजा मी पाहिला. उजव्या तळव्यावर अंगठ्याच्या मुळाशी घट्टा, आणि त्या हाताचं मनगट डाव्यापेक्षा चांगलं बोटभर जाड. चाळीस वर्षं नोकरी झाली, तरी क्लबात ये-जा बाजूच्या फाटकानं. तक्रारीचा सूर नव्हता हो, माहिती म्हणून सांगत होते.

पेशावरजवळच्या नवाकिले गावचा हाशिम खान असाच. वडील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात कारभारी होते, ते लवकर गेले. पोरगा चेंडू गोळा करायला लागला. तिथल्या कोर्टांना छप्पर नव्हतं. जोरात मारलेला चेंडू भिंतीवरून बाहेर जायचा आणि हा तो धावत आणून द्यायचा. साहेब लोक गेले की रिकाम्या कोर्टात एकटाच अनवाणी खेळायचा. 1944 साली मुंबईत अखिल भारतीय व्यावसायिक स्पर्धा झाली, ती त्यानं जिंकली. पुढची दोन वर्षंही जिंकली. मुंबईत तेव्हा अब्दुल बारी नावाचा जबरदस्त खेळाडू होता. तोही सरहद्दीकडचाच, हाशिमचा लांबचा नातेवाईक. फाळणी झाली. बारी मुंबईत राहिला, हाशिम तिकडे. 1950 साली बारी भारताकडून ब्रिटिश ओपन खेळायला गेला आणि थेट अंतिम फेरीत पोचला. इजिप्तच्या महमूद करीमकडून हरला. पेशावरमध्ये हाशिमनं ही बातमी ऐकली. ज्याला आपण मुंबईत हरवलं तो लंडनमध्ये उपविजेता? मग आपण का नाही? पाकिस्तानच्या हवाई दलानं त्याला पाठवलं. 1951 साली, चाळिशीला टेकलेल्या या माणसानं अंतिम सामन्यात करीमला 9-5, 9-0, 9-0 असं धुतलं. मग एकूण सात वेळा ब्रिटिश ओपन. पुढे भाऊ, मग चुलत-मामेभाऊ, मग पुढची पिढी. मध्ये काही वर्षांचे खंड पडले, तरी जवळजवळ पाच दशकं जगाच्या स्क्वॉशवर या एका गावाची छाप राहिली.

ही गोष्ट तुम्ही थोडीफार ऐकली असेल. पण तिच्यातली एक बाजू सहसा सांगितली जात नाही. हाशिम ब्रिटिश ओपन खेळू शकत होता, कारण ती खुली स्पर्धा होती. हौशी खेळाडूंच्या स्पर्धांत मात्र त्याला प्रवेश नव्हता. का? तो खेळाचे पैसे घेत होता म्हणून. पगार घेणारा तो व्यावसायिक, आणि घरचं खाऊन खेळणारा तो हौशी, सभ्य गृहस्थ. आणि नियम करणारी समिती कोणाची? सभ्य गृहस्थांची. म्हणजे जगातले सर्वांत चांगले खेळाडू मार्कर, आणि खेळाचं धोरण ठरवणारे त्यांचे मालक. 1967 साली आंतरराष्ट्रीय स्क्वॉश रॅकेट्स फेडरेशन स्थापन झालं. संस्थापक देशांत भारत होता, पाकिस्तान होता, इजिप्त होता. तरी त्याची जागतिक वैयक्तिक स्पर्धा हौशी खेळाडूंचीच. हा हौशी-व्यावसायिक भेद कागदोपत्री संपायला 1980 साल उजाडलं. स्क्वॉशच्या कारभारातला मूळ रोग मला इथे दिसतो: खेळणारे एकीकडे, चालवणारे दुसरीकडे.

बरं, एवढ्यावर भागत नाही. अमेरिकेची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांची राष्ट्रीय संघटना 1904 साली फिलाडेल्फियात स्थापन झाली, जगातली पहिली. पण त्यांचा चेंडू टणक आणि कोर्ट अडीच फुटांनी अरुंद! जगाशी जुळवून घ्यायचं तर भिंती पाडायला लागणार. टेनिसवाले नवी रेघ मारून मोकळे झाले असते. इथे प्रत्येक क्लबला गवंडी बोलवावा लागला. 1990च्या दशकात अमेरिकन शाळा-कॉलेजांनी शेवटी जगाचा चेंडू स्वीकारला. व्यावसायिकांच्या दोन संघटना होत्या, त्या त्याच दशकात एक झाल्या. स्त्रियांची वेगळी होती, ती पुरुषांच्या संघटनेत 2015 साली आली. जागतिक महासंघ वेगळाच. एवढ्याशा खेळात एवढ्या खुर्च्या. आपल्याकडच्या सहकारी संस्थांना लाज वाटावी.

आता ऑलिंपिककडे येतो. हे प्रकरण जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण यात आपल्या गुरुजींची लाल मातीही येते.

2005 साली सिंगापूरच्या अधिवेशनात 2012च्या ऑलिंपिकसाठी स्क्वॉश आणि कराटे अंतिम यादीत आले. दोन-तृतीयांश मतं लागत होती, ती मिळाली नाहीत. 2009 साली पुन्हा प्रयत्न. निवड झाली गोल्फ आणि रग्बीची. मग आला 2013. त्या फेब्रुवारीत ऑलिंपिक समितीनं एक विलक्षण शिफारस केली, कुस्ती काढून टाका! आठवतंय ना? कोल्हापूरपासून इराणपर्यंत हाहाकार उडाला. ज्या मातीनं 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांना पदक मिळवून दिलं, तो खेळ बाहेर? कुस्तीच्या जागतिक संघटनेचा अध्यक्ष बदलला, नियम बदलले, सप्टेंबरमध्ये ब्यूनोस आयर्सला मतदान झालं. एका जागेसाठी तीन खेळ उभे. कुस्तीला 49 मतं, बेसबॉल-सॉफ्टबॉलला 24, स्क्वॉशला 22. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण जरा स्क्वॉशवाल्यांच्या जागी जाऊन बघा. नवा खेळ घ्यायचा म्हणून जागा निर्माण झाली आणि आत गेला कोण? जो कालपर्यंत आतच होता तो! तेव्हा स्क्वॉशच्या जागतिक महासंघाचे अध्यक्ष चेन्नईचे एन. रामचंद्रन होते. त्यांच्या आधी सहा वर्षं खुद्द जहांगीर खान अध्यक्ष होता. पाच वर्षांहून अधिक काळ एकही सामना न हरलेला, सलग दहा ब्रिटिश ओपन जिंकलेला जहांगीर. खेळाडू अध्यक्ष झाला तरी दार उघडलं नाही, उद्योजक अध्यक्ष झाला तरी उघडलं नाही. टोकियोसाठी पाच जादा खेळ घेतले, त्यात सर्फिंग आणि स्केटबोर्ड. पॅरिससाठी ब्रेकडान्स. स्क्वॉश बाहेरच.

समितीचं म्हणणं काय होतं? टीव्हीवर दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर त्यात तथ्य होतं. पांढऱ्या भिंती, काळा चेंडू, मागच्या भिंतीच्या वर गॅलरीत बसलेले वीस प्रेक्षक. कॅमेरा लावणार कुठे? ते ओळखून महासंघानं आणि व्यावसायिकांच्या संघटनेनं खेळाचा कायापालट आधीपासूनच करायला घेतला होता. चारही बाजूंनी काचेचं कोर्ट आलं. त्या काचेवर बारीक ठिपके छापलेले असतात. आतल्या खेळाडूला भिंत भिंतच दिसते आणि बाहेरच्याला आरपार दिसतं. चेंडू पांढरा झाला. गुणपद्धत बदलली. पूर्वी फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळायचा आणि गेम नऊचा असायचा, त्यामुळे सामना कधी संपेल याचा पत्ता नसे. आता प्रत्येक रॅलीला गुण, गेम अकराचा. पुरुष व्यावसायिकांसाठी टिन 48 सेंटिमीटरवरून 43वर आणलं, म्हणजे चेंडू हळूच भिंतीच्या पायाशी टाकणाऱ्याला वाव. 2015मध्ये स्त्रियांनाही तेच टिन आलं. बक्षिसाची रक्कम पुरुष-स्त्रियांना समान करण्याची सुरुवात 2013च्या यूएस ओपननं केली. हे काम मी मनापासून वाखाणतो. काचेचं कोर्ट सुटं करता येतं, म्हणून ते न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात उभं राहिलं आणि 1996 साली गिझाच्या पिरॅमिडसमोर, रात्रीच्या दिव्यांत.

पण इथेच माझी शंका सुरू होते. एवढे सगळे बदल कोणासाठी झाले? बघणाऱ्यांसाठी. खेळू इच्छिणाऱ्यासाठी काय बदललं? ज्या पोराला खेळायचंय, ज्याच्या वस्तीत कोर्ट नाही, त्याच्यासाठी या वीस वर्षांत काय झालं?

त्या पिरॅमिडची गोष्ट पुढे नेतो. 1996च्या त्या स्पर्धेत अहमद बरादा नावाचा इजिप्तचा तरुण अंतिम फेरीत गेला आणि पाकिस्तानच्या जानशेर खानकडून हरला. त्या सामन्यानं कैरो-अलेक्झांड्रियातली पोरं वेडी झाली. सात वर्षांनी, 2003 साली, अम्र शबाना इजिप्तचा पहिला विश्वविजेता झाला. कुठे माहीत आहे? लाहोरमध्ये! ज्या देशानं इतकी वर्षं राज्य केलं त्याच्या घरात जाऊन. मग रामी अशूर, अली फराग, नूर अल शेरबिनी. रनीम अल वेलीली 2015 साली जगात पहिल्या क्रमांकावर गेली, आणि कुठल्याही खेळात तिथे पोचलेली ती पहिली अरब स्त्री. दोन शहरांतल्या मूठभर क्लबांमधून हे सगळं आलं. कारण काय? एकाच क्लबात दहा वर्षांचा मुलगा, सतरा वर्षांची मुलगी आणि विश्वविजेता शेजारशेजारच्या कोर्टांवर सराव करतात. लहान पोराला विश्वविजेत्याचा चेंडू अंगावर घ्यायला मिळतो. त्याला वेगळं प्रशिक्षण काय द्यायचं?

पण हेही नीट बघा, ते सगळे क्लब सभासदांचे. जिंकणं प्रचंड, पसारा लहान. मार्कराचा मुलगा तिथे विश्वविजेता होतो का? मला तसं दिसत नाही. अली फराग हार्वर्डचा पदवीधर आहे, हे कौतुकाचंच. तरी त्यावरून खेळ कोणत्या घरांत गेला ते कळतं.

आणि पाकिस्तान? तिथे उलटं झालं. खेळ गरिबाच्या हातात होता, पण एका गावात, एका कुळात, आणि हवाई दलाच्या आश्रयावर. राष्ट्रीय फेडरेशनच्या प्रमुखपदी परंपरेनं हवाई दलप्रमुख. आश्रय होता तोवर विजेते आले. जहांगीर-जानशेर संपले आणि खाली कोणी उभं नव्हतं. 2023 साली हमजा खान मेलबर्नला ज्युनिअर विश्वविजेता झाला तेव्हा पाकिस्तानला ते पद पुन्हा मिळायला 37 वर्षं लागली होती. आधीचा मानकरी जानशेर, 1986चा.

इंग्लंड-ऑस्ट्रेलियाबद्दल फार बोलत नाही. 1970-80च्या दशकांत तिथे स्क्वॉशची लाट होती, कंपन्यांनी धंदा म्हणून कोर्टं बांधली. मग त्यांनी आपला तो 670 चौरस फुटांचा हिशोब मांडला. दोन माणसांऐवजी तिथे दहा ट्रेडमिल बसतात. कोर्टं गेली, जिम आल्या. ज्या ऑस्ट्रेलियानं हीदर मॅके दिली, एकोणीस वर्षं एकही सामना न हरलेली, त्याच देशात ही गत झाली. ना महासंघ ते थांबवू शकला, ना टीव्ही. भिंत ज्याची, निर्णय त्याचा.

आता घरी येऊ या. आपल्याकडे काय आहे?

कर्तृत्व आहे, यात वाद नाही. मुंबईचा अनिल नायर 1965 साली इंग्लंडमध्ये ज्युनिअरांचा ड्रायस्डेल कप जिंकला, हार्वर्डला गेला आणि 1969 व 1970 साली अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला. आज किती मुंबईकरांना हे नाव ठाऊक आहे? अलवरच्या भुवनेश्वरी कुमारींनी सोळा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मग चेन्नईत अकादमी उभी राहिली आणि सौरव घोषाल, जोश्ना चिनप्पा, दीपिका पल्लीकल यांची पिढी आली. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत, 30 सप्टेंबर 2023ला, भारत-पाकिस्तान अंतिम सामना झाला. पहिला सामना आपला मुंबईचा महेश माणगावकर हरला, दुसरा सौरवनं जिंकला, तिसरा अभय सिंगचा. पाचवा गेम, समोर नूर झमान, आणि पाकिस्तान सुवर्णापासून एका गुणावर. अभयनं तो गुण दिला नाही. 12-10. ज्यांनी तो सामना पाहिला नाही त्यांनी शोधून पाहावा, हे व्याख्यान अर्धवट सोडून गेलात तरी मी रागावणार नाही. 2025च्या डिसेंबरात चेन्नईत एका मॉलमध्ये काचेचं कोर्ट लावून स्क्वॉशचा विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात हाँगकाँगला 3-0 हरवून भारतानं तो पहिल्यांदाच जिंकला. अनाहत सिंग त्या संघात होती, अजून विशीच्या आतली.

मग बिघडलं कुठे? हे सगळे विजेते मोजक्या शहरांतल्या मोजक्या दारांमागून आले. अकादमी चेन्नईत, फेडरेशन चेन्नईत. चेन्नईनं केलं म्हणून झालं, त्याबद्दल त्यांना दोष नाही, उलट धन्यवाद. प्रश्न आपल्याला आहे. ज्या मुंबईत 1944 साली हाशिम खान चमकला, ज्या मुंबईनं अनिल नायर दिला, त्या महाराष्ट्रात महापालिकेच्या किती क्रीडासंकुलांत मुलाला दहा रुपये देऊन स्क्वॉश खेळता येतं?

कोर्टं नाहीत असं नाही बरं का. उलट गेल्या पंधरा-वीस वर्षांत मुंबई-पुण्यात स्क्वॉश कोर्टं भराभर बांधली गेली. कोणी बांधली? बिल्डरांनी. माहितीपत्रक उघडा: जलतरण तलाव, जिम, स्क्वॉश कोर्ट. मी अशी काही कोर्टं पाहिली आहेत. एका सोसायटीत गेलो तर किल्ली सापडेना. वॉचमननं खजिनदाराला फोन लावला, त्यांनी चिटणीसांना. अर्ध्या तासानं कुलूप उघडलं. आत सोसायटीच्या गणपतीचं मखर, दोन कॅरम, आणि लग्नातल्या मोडक्या खुर्च्या. समोरच्या भिंतीवरचं टिन चकचकीत, त्यावर एकही डाग नाही. चेंडू कधी लागलाच नव्हता. आणि कंपाउंडच्या पलीकडच्या वस्तीत पोरं पत्र्याच्या भिंतीवर रबरी चेंडू मारत होती. मी उगाच करुण चित्र रंगवत नाही, तुम्ही तुमच्या सोसायटीत उद्या जाऊन बघा.

कारभाराचा अर्थ आपण काय समजतो? निवडणुका, घटना, पदाधिकारी, कोर्टकज्जे. ते हवंच. 2025च्या ऑगस्टमध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. क्रीडा महासंघांच्या कार्यकारिणीत किमान दोन नामवंत खेळाडू आणि चार स्त्रिया असल्या पाहिजेत, अशी त्यात तरतूद आहे. चांगलं आहे. हौशी गृहस्थांच्या समितीपासून इथवर यायला शंभर वर्षं लागली. पण मी या कायद्याच्या पुढचं विचारतो. दोन खेळाडू आले, मार्कर येणार का? आज देशातल्या किती क्लबांत मुलांना पहिली रॅकेट धरायला शिकवणारा माणूस मार्कराच्या घरातला आहे! त्याला प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र कोण देणार, त्याचा पगार कोण ठरवणार, राज्य संघटनेच्या सभेत तो समोरच्या दारानं येणार की बाजूच्या फाटकानं?

कोणी म्हणेल, ऑलिंपिक आलंय, आता पैसा येईल, सगळं आपोआप होईल. होईल? 2026च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतून खर्च कमी करायला खेळ गाळले, त्यात हॉकी गेली, कुस्ती गेली, बॅडमिंटन गेलं, आणि 1998पासून असलेलं स्क्वॉशही गेलं. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढलं. लॉस एंजेलिसमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात स्क्वॉश होणार आहे. देखणं होईल. मी रात्री जागून बघणार आहे. पण ऑलिंपिकचा मांडव पंधरा दिवसांचा. नंतर मुलं खेळणार कुठे?

याची उत्तरं जगात आहेत, फार लांब जायला नको. अमेरिकेत बोस्टनला 1996 साली स्क्वॉशबस्टर्स नावाचा उपक्रम सुरू झाला. गरीब वस्तीतल्या शाळकरी मुलांना कोर्टावर आणायचं, शेजारच्या खोलीत गृहपाठ करून घ्यायचा. त्याच धर्तीवर पुढे अनेक शहरांत केंद्रं निघाली. न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक बागेत 2018 साली उघड्यावरचं स्क्वॉश कोर्ट बांधलं, कोणीही यावं, खेळावं. पेशावरच्या बिनछपराच्या कोर्टांची आठवण होते ना? हाशिम खान ज्या प्रकारच्या कोर्टात तयार झाला ते बांधायला आज काय खर्च येईल? वातानुकूलन नको, लाकडी जमीन नको, काच नको. तीन-चार भिंती, सिमेंटची नीट घोटलेली जमीन आणि पावसाळ्यापुरता पत्रा. अशा कोर्टातून विश्वविजेता निघाला हा इतिहास आहे, माझी कल्पना नव्हे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. बिल्डरांना परवानगी देताना महापालिकेनं एक अट घालावी: माहितीपत्रकात छापलेलं स्क्वॉश कोर्ट आठवड्यातून दोन दुपारी जवळच्या महापालिका शाळेला खुलं. तेव्हा सोसायटीतलं कोणी खेळत नसतंच. दुसरं, प्रत्येक जिल्हा क्रीडासंकुलात शेजारशेजार दोन उघडी कोर्टं. एकटं कोर्ट बांधू नका, शेजारी दुसरं असलं की एकाचं बघून दुसरा शिकतो, इजिप्तचं गुपित तेच. तिसरं, या कोर्टांवर क्लबांतले निवृत्त मार्कर मानधनावर नेमा. ती माणसं अजून आहेत, पण दहा-पंधरा वर्षांनी नसतील.

या सभागृहात पहिल्या रांगेत दोन नगरसेवक बसले आहेत, त्यांच्याकडे मी मघापासून बघतोय आणि ते माझ्याकडे बघत नाहीत. महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत मांडलं जाईल. त्याआधी दोन कोर्टांच्या तरतुदीचं निवेदन आयुक्तांकडे गेलं पाहिजे. मसुदा तयार आहे, दाराशी टेबलावर ठेवलाय, शेजारी पेनही आहे. जाताना सही करून जा, आणि ज्यांच्या सोसायटीत बंद कोर्ट आहे त्यांनी सहीखाली सोसायटीचं नावही लिहा.